पाण्यावरचा चंद्रस्तंभ

चंद्राशी आपली ओळख होते ती समज येण्यापूर्वीच. तो आईच्या नात्याने मामा होऊन घरात येतो, रडणाऱ्या लेकराला घास भरवण्याच्या कामी येतो आणि पुढे आयुष्यभर आप्तच राहतो. दिवसभर उन्हाने भाजून निघणाऱ्या आपल्या देशात त्याचा प्रकाश शीतल वाटावा, यात नवल नाही. शरद ऋतूतील पौर्णिमेला त्याच्या साक्षीने दूध आटवले जाते, आणि आपल्या काव्यातील चांदणे बहुधा सुखाचे, मीलनाचे, फार तर गोड विरहाचे असते. अशा संस्कारांत वाढलेला माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील प्रतीकवादी चित्रकारांनी रंगवलेले चांदण्यातील समुद्रकिनारे पाहतो, तेव्हा प्रथम बिचकतो. चंद्र तोच, पाणी तेच. पण त्या चित्रांतला चंद्र कोणाचा मामा नाही. तो कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला हाकलीतही नाही. त्याच्या उजेडात उभी असलेली माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत.

ही चित्रे आम्ही पाहिली ती ग्रंथालयातील जाडजूड ग्रंथांतून, आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर. मूळ चित्रांसमोर उभे राहण्याचा योग अद्याप आलेला नाही. तरीही गेली कित्येक वर्षे ती आमच्या मनात ठाण मांडून आहेत. त्यांच्यातून जो भाव झिरपत राहतो, त्याला दुःख म्हणावे तर दुःखाचे कारण दिसत नाही. शांती म्हणावी तर त्या शांतीत विसावा नाही. हा भाव येतो कोठून, आणि तो आपल्यासारख्या परक्या किनाऱ्यावरच्या माणसालाही का स्पर्श करतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभी प्रतीकवादाविषयी दोन शब्द. १८ सप्टेंबर १८८६ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात झां मोरेआस या कवीने प्रतीकवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. तो मुळात कवितेविषयी होता. परंतु चित्रकारांच्या मनातही त्याच सुमारास तशीच अस्वस्थता होती. त्यांच्या आधीच्या पिढीने चित्रफलक उचलून उघड्यावर नेला होता; पाण्यावर, गवतावर, धुरावर क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश टिपला होता. प्रतीकवाद्यांना तेवढ्याने समाधान होईना. डोळ्यांना जे दिसते ते दार आहे, घर त्याच्या आत आहे, अशी त्यांची धारणा होती. साहजिकच ते भर दुपारकडे पाठ फिरवून संध्याकाळ, रात्र, निश्चल पाणी, निद्रा आणि मृत्यू यांच्याकडे वळले. रात्री वस्तूंचे बारकावे पुसले जातात आणि केवळ आकार उरतात. मग त्या आकारांत मनाला आपले स्वतःचे काही भरता येते. त्यातही किनारा म्हणजे मुळातच सीमारेषा. एका पावलापर्यंत जमीन, पुढच्या पावलावर तळ नसलेले काही. ज्यांना दृश्यातून अदृश्याकडे जावयाचे होते, त्यांना याहून सोयीची जागा कोठली मिळणार?

ही वाट सर्वस्वी नवी होती असे मात्र नाही. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश याने १८२२ सालीच समुद्रावरील चंद्रोदयाचे एक चित्र काढले होते. ते आज बर्लिनमध्ये आहे. किनाऱ्यावरील खडकावर तीन माणसे आपल्याकडे पाठ करून बसली आहेत आणि दोन गलबते शिडे उभारून येत आहेत. फ्रीडरिशच्या चंद्रात अजून आश्वासन आहे. गलबते परत येत आहेत, पाहणारे एकत्र बसले आहेत. पुढे १८७० नंतर लंडनमध्ये राहणाऱ्या जेम्स व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने थेम्स नदी आणि साउथॅम्प्टनची खाडी रात्रीच्या निळ्या-करड्या रंगांत बुडवली. पातळ केलेला रंग तो फलकावर जवळजवळ ओघळू देई. आणि रात्री पाहिलेले दृश्य दुसऱ्या दिवशी स्मरणातून उतरवीत असे. या चित्रांना त्याने संगीतातील ‘नॉक्टर्न’ ही संज्ञा दिली. विषयाकडे न पाहता सुराकडे लक्ष द्या, असे त्याचे जणू प्रेक्षकांना सांगणे होते. व्हिसलरने रात्रीला सूर दिला. त्या सुरात माणसाचे दुखणे मिसळले ते उत्तरेकडच्या एका चित्रकाराने.

एडवर्ड मुंक हे त्याचे नाव. जन्म १२ डिसेंबर १८६३, मृत्यू २३ जानेवारी १९४४, देश नॉर्वे. त्याच्या ‘किंकाळी’ या चित्राची नक्कल आज चहाच्या कपांवरसुद्धा आढळते. पण त्याचे खरे आयुष्यभराचे चित्र म्हणजे एक किनारा. नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया – १९२५ साली तिचे नाव ऑस्लो झाले – ज्याच्या आतल्या टोकाशी आहे त्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये दूरवर शिरलेल्या समुद्राच्या, पश्चिम काठावर ऑसगॉर्डस्ट्रान नावाचे लहानसे गाव आहे. १८८९ पासून मुंक उन्हाळ्यात तेथे राहू लागला आणि १८९८ साली त्याने तेथे कोळ्याचे वाटावे असे छोटे घर विकत घेतले. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. गोल गुळगुळीत धोंड्यांचा किनारा, नागमोडी जाणारी पाण्याची कड, काठापर्यंत आलेले पाइन वृक्ष, एक लाकडी धक्का, पांढऱ्या कुंपणाची दोन-चार घरे – एवढीच सामग्री. पण एवढ्यावर त्याने दहा-बारा वर्षे प्रेम, मत्सर, विरह आणि मरण यांची चित्रे रचली. १९०२ साली बर्लिन येथे त्याने अशी बावीस चित्रे ओळीने मांडली, तेव्हा त्या ओळीतून हाच किनारा सूत्रासारखा वाहत होता. माणसे बदलतात, प्रसंग बदलतात. मागची पाण्याची कड तीच राहते.

आणि त्या पाण्यावर पुनःपुन्हा दिसतो तो चंद्रस्तंभ. चंद्राचे गोल बिंब आणि त्याखाली पाण्यात उतरलेला उजेडाचा सरळ, उभा पट्टा; जणू एक खांब आणि त्याच्यावर टिंब. १८९३ सालच्या ‘आवाज’ या चित्रात पांढऱ्या वस्त्रातील एक तरुणी पाइनच्या झाडांत उभी आहे. हात तिने पाठीमागे घेतलेले आहेत. झाडांचे बुंधे सरळ उभे, ती सरळ उभी, आणि बुंध्यांच्या मधून दिसणाऱ्या पाण्यावर चंद्राचा खांबही तसाच सरळ उभा – जणू त्या वनातला तोही एक बुंधा, फक्त प्रकाशाचा. दूर पाण्यावर होडी आहे. तेथे कोणाचे हसणे-बोलणे चालले असेलही. तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. ती कोणाला तरी बोलावते आहे की स्वतःच कसला आवाज ऐकते आहे, हे चित्र सांगत नाही. ‘जीवननृत्य’ या १८९९-१९०० मधील चित्रात हाच खांब नाचणाऱ्या जोडप्यांच्या मागे उभा आहे. डावीकडे शुभ्र वस्त्रातील स्त्री, मध्ये लाल वस्त्रातील, उजवीकडे काळ्या वस्त्रातील. आशा, भोग आणि वंचना अशी तिन्ही वये एका किनाऱ्यावर, एका चंद्राखाली.

काही समीक्षक त्या खांबाच्या आकारात कामवासनेचे चिन्ह पाहतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. १८८५ साली एका विवाहित स्त्रीवर जडलेले मुंकचे पहिले प्रेम याच परिसराशी बांधलेले होते आणि त्या प्रेमाने त्याला सुख थोडे व मत्सर फार दिला. पण तेवढ्या एका किल्लीने सारे दार उघडत नाही. ‘उन्हाळ्यातील रात्र’ या १८८९ सालच्या चित्रात मुंकची धाकटी बहीण इंगर किनाऱ्यावरील धोंड्यावर एकटी बसली आहे. तेथे चंद्रही दिसत नाही आणि प्रेमाचा प्रसंगही नाही. तरी रात्रीच्या निळसर उजेडातील तो भाव तेथे पूर्णपणे आलेला आहे. तेव्हा त्याचे मूळ वासनेपेक्षा आणखी खोल असले पाहिजे.

थोडे निसर्गाकडे वळू. अगदी शांत पाण्यात चंद्राचे एकच गोल प्रतिबिंब दिसते. पाणी थरथरले की प्रत्येक लहान लाटेचा उतार आरशाचे काम करतो आणि त्या असंख्य आरशांतून चंद्र आपल्याकडे पाठवला जातो. म्हणून पाण्यावर लांब पट्टा उमटतो. चंद्र जितका क्षितिजाजवळ, तितका पट्टा लांब. ऑसगॉर्डस्ट्रान हे ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे उन्हाळ्यात सूर्य आकाशात उंच असतो, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असल्याने तो मात्र फार खालून जातो. जूनमधील पौर्णिमेला तो मध्यरात्रीही क्षितिजापासून साधारण सात-आठ अंशांवर असतो, काही वर्षी थोडा अधिक, काही वर्षी त्याहूनही कमी. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे तो चंद्र मुठीमागे सहज लपावा. गाव पश्चिम काठावर असल्याने त्याचे तोंड पूर्वेकडे. त्यामुळे चंद्र आग्नेयेस पाण्यातूनच वर येतो. शिवाय उत्तरेकडील उन्हाळ्यात रात्र पुरती काळोखी होत नाही. अर्धवट उजळलेले आकाश, सखल चंद्र आणि त्याचा लांबलचक पट्टा. मुंकने हे मनाने रचले नाही, ते त्याच्या दारात होते. त्याने केले ते एवढेच की, त्या पट्ट्यातील लाटांची थरथर काढून टाकली आणि त्याला घट्ट, अचल केले. क्षणभंगुर वस्तू त्याने खांबासारखी रोवून ठेवली.

चांदण्याचा मानवी नेत्रावर होणारा परिणामही येथे लक्षात घ्यावा लागतो. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. एवढ्या मंद प्रकाशात डोळ्यातील रंग आणि बारकावे ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निकामी होतात आणि अंधुक उजेडात पाहणाऱ्या दुसऱ्या पेशी काम करू लागतात. लाल रंग काळवंडतो, निळा-हिरवा त्या मानाने उजळ भासतो. चंद्रप्रकाश म्हणजे वस्तुतः परावर्तित सूर्यप्रकाश, तोही किंचित तांबूस. तरी आपल्याला तो निळा-रुपेरी वाटतो, याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. आणि याचाच दुसरा परिणाम असा की, चांदण्यात माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा वाचता येत नाही. चार पावलांवर उभे असलेले आपले माणूस तेच आहे हे चालीवरून, उंचीवरून कळते. परंतु त्याच्या डोळ्यांत राग आहे की पाणी, हे कळत नाही. मुंकच्या या चित्रांतील चेहऱ्यांवर नाक-डोळे धड काढलेले नसतात, यावरून त्याच्या काळी पुष्कळ टीका झाली. चांदण्याशी तो प्रामाणिक राहिला, असे आम्ही म्हणू. जवळचे माणूस जवळ असूनही वाचता न येणे, हाच त्या चित्रांचा विषय आहे.

हे आम्ही केवळ पुस्तकांतून शिकलो असे नाही. आपल्या कोकणपट्टीला समुद्र पश्चिमेस. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी डोंगराकडून, ताडामाडांच्या मागून वर येतो. मध्यरात्री तो बराच उंच असतो, हिवाळ्यात तर जवळजवळ डोक्यावर. समुद्राकडे तो कलतो ते उत्तररात्री. त्यामुळे पौर्णिमेच्या पाण्यावरील लांब पट्टा आपल्याकडे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना दिसत नाही. तो दिसतो होड्या काढणाऱ्या कोळीबांधवांना, आणि ज्यांना झोप नाही त्यांना.

वडील निवर्तले त्या वर्षी आम्ही या दुसऱ्या वर्गात मोडत होतो. महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, आणि वाडीच्या वाटणीवरून थोरल्या बंधूंचा व आमचा अबोला जडला. एका घरात दोन चुली नव्हत्या, पण एका पंगतीत दोन मौने होती. त्या हिवाळ्यातील एका पौर्णिमेस, रात्री तीनच्या पुढे, अंथरुणात तळमळण्यापेक्षा बरे म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती; पाणी दूर गेले होते आणि मागे राहिलेली ओली पुळण आरशासारखी चकाकत होती. थोरले बंधू आमच्या आधीच तेथे येऊन उभे होते, पन्नास-साठ पावलांवर. चंद्र पश्चिमेस उतरत होता. त्याचा पट्टा पाण्यावरून निघून ओल्या पुळणीवरून थेट आमच्या पायांपर्यंत आला होता. आम्ही चार पावले चाललो, तर तोही चालला. थोरल्या बंधूंच्या पायांशीही तो तसाच पोहोचला असणार. पण त्यांचा पट्टा आम्हांला दिसत नव्हता आणि आमचा त्यांना. त्यांच्या बाजूचे पाणी आम्हांला नुसते काळे दिसत होते. शास्त्र हेच सांगते की, तो पट्टा पाण्यावर कोठेही नसतो. तो चंद्र आणि पाहणारा यांच्यामध्ये असतो, आणि प्रत्येकाला आपापला मिळतो. बराच वेळ आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. मग ते परतले, आणि काही अंतर ठेवून त्याच वाटेने आम्हीही परतलो. अबोला त्या रात्री सुटला नाही. तो सुटला दोन वर्षांनी, घरातील एका लग्नाच्या निमित्ताने. पण त्या उत्तररात्रीनंतर थोरल्या बंधूंविषयी मनात जी कडवट वाक्ये तयार होत असत, ती होईनाशी झाली. तेही वडिलांसाठीच तेथे आले होते, एवढे कळले होते.

त्यानंतर मुंकचे ‘एकाकी’ हे चित्र पाहण्यात आले. एक पुरुष व एक स्त्री किनाऱ्यावर उभी आहेत, दोघांची पाठ आपल्याकडे, तोंडे समुद्राकडे. दोघांमध्ये थोडेसेच अंतर. पण ते ओलांडले जाईल असे वाटत नाही. १८९२ चे मूळ रंगचित्र पुढे नष्ट झाले. मात्र तीच कल्पना मुंकने १८९९ साली लाकडी ठोकळ्यावर कोरली. या छापचित्रासाठी त्याने एक साधीच युक्ती योजली. कोरलेला ठोकळा तो करवतीने कापी, तुकड्यांना निराळे रंग लावी, ते पुन्हा जुळवी आणि एकदम छापी. या चित्रात स्त्रीची आकृती अशी कापून सुटी केलेली आहे. छापल्यावर तिच्याभोवती करवतीच्या पात्याएवढी बारीक, कोरी रेघ राहते. तीच हवा, तोच किनारा, तेच लाकूड. आणि तरी मधून करवत गेलेली. दोन माणसांमधील अंतर दाखवण्यासाठी याहून नेमके साधन आम्ही अन्य कोणत्याही चित्रात पाहिलेले नाही. पण हेही ध्यानात घ्यावे की, तुकडे जुळवल्यावाचून ते चित्र छापताच येत नाही.

मुंकचे आयुष्य असे कापले गेले होते. आई क्षयाने गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. थोरली बहीण सोफी १८७७ साली त्याच रोगाने गेली. वडील लष्करी डॉक्टर, अत्यंत धर्मनिष्ठ. पत्नीच्या निधनानंतर त्यांची धर्मनिष्ठा भीतीने काळवंडत गेली आणि तिची सावली मुलांवर पडली. तरुणपणी मुंक वडिलांच्या धर्मापासून दूर गेला. १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये वडील वारले तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. अंत्यविधीला तो पोहोचू शकला नाही. त्या हिवाळ्यात पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथे भाड्याच्या खोलीत त्याने ‘सँ-क्लू येथील रात्र’ हे चित्र रंगवले. त्यावर १८९० हे साल आहे. अंधाऱ्या खोलीत एक माणूस खिडकीशी बसला आहे. बाहेर सेन नदी आणि तिच्यावरील दिवे. बाहेरचा उजेड खिडकीतून आत येतो आणि चौकटीच्या सावलीने जमिनीवर एक क्रूस उमटतो. वडिलांशी जे बोलायचे राहून गेले, ते त्या निळ्या काळोखात बसून आहे.

सँ-क्लूमध्येच त्याने एक टिपण लिहिले, ते पुढे प्रसिद्ध झाले. यापुढे वाचणारे पुरुष आणि विणकाम करणाऱ्या स्त्रिया रंगवावयाच्या नाहीत. श्वास घेणारी, सोसणारी, प्रेम करणारी जिवंत माणसे रंगवावयाची, आणि ती अशी की, पाहणाऱ्यांना त्यातील पावित्र्य कळावे व देवळात काढतात तशा त्यांनी टोप्या काढाव्यात, असा त्याचा आशय आहे. श्रद्धा सोडलेल्या मुलाने वडिलांच्या मृत्यूनंतर लिहिलेले हे शब्द आहेत. श्रद्धा गेली तरी टोपी काढण्याची गरज त्याच्यात शिल्लक होती. त्या किनाऱ्यावरील चंद्रस्तंभाकडे पाहताना आम्हांला हे नेहमी आठवते. तो खांब म्हणजे मुंकचा देव, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र जेथे पूर्वी वेदी असे, तेथे त्याने तो उभा केला आहे.

मुंकच्या शेजारी आणखी एकाचा उल्लेख केला पाहिजे. लेऑन स्पिलिआर्ट हा बेल्जियमच्या ऑस्टेंड या बंदरात १८८१ साली जन्मला. वडिलांचे अत्तराचे दुकान होते. स्पिलिआर्टला पोटाच्या व्रणाचा विकार जडला होता आणि रात्री झोप येत नसे. म्हणून तो निर्मनुष्य धक्क्यावरून, बंधाऱ्यावरून, राजाने बांधवलेल्या लांबलचक स्तंभवीथींतून फिरत राही. १९०७ ते १९०९ या काळात त्याने त्या भटकंतीची चित्रे काढली, तीही भारी तैलरंगांत नव्हे, तर कागदावर, काळ्या शाईच्या पातळ थरांनी आणि रंगीत खडूंनी. ऑस्टेंडचा समुद्र वायव्येस आहे. पौर्णिमेचा चंद्र पाण्याकडे झुकतो तो रात्र सरताना, आणि तेही हिवाळ्यात. म्हणजे आपल्या किनाऱ्याप्रमाणेच तेथेही तो दिसतो केवळ जागणाऱ्याला. स्पिलिआर्टच्या चित्रांत बहुधा माणूसच नसतो. बंधाऱ्याची कड, कठड्याची रेघ, ओल्या फरसबंदीवर पसरलेले दिव्यांचे किंवा चंद्राचे प्रकाश, आणि पलीकडे काळे पाणी. मुंकच्या किनाऱ्यावर दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत; स्पिलिआर्टच्या बंधाऱ्यावर बोलायला दुसरे कोणी नाहीच. तरी ती चित्रे पाहताना भीती वाटत नाही. आजारी माणसाने रात्रभर जागून जी शिस्त पाळली, तिचा आदर वाटतो. १९१६ साली त्याचा विवाह झाला, पुढच्या वर्षी कन्या झाली, आणि त्याच्या चित्रांतील काळोख पुढे हळूहळू निवळत गेला. उतारवयात तो झाडे रेखाटीत असे.

मुंकचेही असेच काहीसे झाले. १९०८ साली त्याचे मन पार ढासळले; कोपनहेगन येथील एका रुग्णालयात त्याने काही महिने काढले. बरा होऊन मायदेशी परतल्यावर त्याने क्रिस्तियानियाच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी भव्य चित्रे करावयास घेतली. ती १९१६ साली तेथे बसवण्यात आली. त्यांतील मध्यवर्ती चित्र आहे ‘सूर्य’. खडकाळ किनारा, समुद्र आणि त्यावर उगवलेला, सर्व दिशांना किरण फेकणारा सूर्य. त्याचा उजेड पाण्यावरून सरळ आपल्या अंगावर येतो. चंद्राच्या खांबाची जागा येथे सूर्याने घेतली आहे. हा काळोखावरील विजय आहे असे म्हणून लेख येथे संपवणे सोपे होते. परंतु मुंकने तसे केले नाही. १९१६ पासून अखेरपर्यंत तो राजधानीच्या कडेला एकेली येथे एकटा राहिला आणि साठीच्या सुमारास पुन्हा रात्रीकडे वळला. १९२२ ते १९२४ दरम्यानच्या ‘ताऱ्यांची रात्र’ या चित्रात त्याच्या घरासमोरचे बर्फ आहे, दूरवर शहराचे दिवे आहेत, वर तारे आहेत, आणि पुढच्या बर्फावर माणसाची सावली पडलेली आहे.

या सर्व चित्रांतील भावाला आता आम्ही नाव द्यावयाचा आग्रह धरीत नाही. चांदण्यातील किनारा माणसाचे सांत्वन करीत नाही, एवढे खरे. प्रकाश प्रत्येकाच्या पायांपर्यंत येतो आणि शेजारच्याचा प्रकाश प्रत्येकाला अदृश्य राहतो, हे तो निमूटपणे दाखवतो. ते एकदा पाहिले म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या काळ्या आकृतीविषयी निवाडा करण्याची घाई राहत नाही. वाचकांपैकी कोणाला पुढच्या एखाद्या पौर्णिमेस उत्तररात्री जाग आली, आणि किनारा जवळ असला, तर त्यांनी जाऊन पाहावे. ओहोटीची वेळ साधावी. ओल्या पुळणीवर तो पट्टा अगदी जवळ येतो. आणि सोबत घरातील कोणाला, विशेषतः ज्याच्याशी बोलणे थांबले आहे अशा कोणाला नेता आले, तर अधिक बरे.